कडेची माणसं फुगतात

आमच्या कंपनीत फोटोग्राफर अशी जागाच नव्हती. मी गेज तपासणाऱ्या खात्यात होतो. म्हणजे दिवसभर एका खोलीत बसायचं, दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायची आणि वर त्याचा पगार घ्यायचा. स्वभावाला इतकी मानवणारी नोकरी नशिबानंच मिळते. एक दिवस मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या वर्क्स मॅनेजरांनी, मला केबिनमध्ये बोलावलं आणि टेबलावरचा एक कातडी डबा माझ्यापुढे सरकवला.

"तुमचा हात थरथरत नाही म्हणे," ते म्हणाले.

"तुमच्यासमोर थरथरतो, साहेब," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. आमच्याकडे विनोद करायचा हक्कसुद्धा ग्रेडप्रमाणे मिळायचा.

डब्यात कॅमेरा होता. जपानी, एकावर एक दोन डोळ्यांचा, आणि वजन असं की गळ्यात अडकवला की माणूस आपोआप नम्र व्हायचा. वरच्या डोळ्यातून आपण बघायचं, फोटो मात्र खालचा डोळा काढायचा. डोळ्याला लावायची भानगड नाही. पोटाशी धरायचा, मान खाली घालायची आणि वरच्या झाकणातून काचेवर पडलेलं चित्र बघायचं. चित्र चौकोनी, झकास, फक्त डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. सुरुवातीला मी लोकांना "जरा डावीकडे सरका" म्हणायचो आणि ते बरोबर फोटोच्या बाहेर जायचे. मग मी त्यांच्यावर ओरडायचो. फोटोग्राफीतली ही पहिली पायरी मला लगेच जमली.

मान खाली घालून फोटो काढण्याचे दोन फायदे होते. बायका लाजायच्या नाहीत, कारण हा बाबा आपल्याकडे बघतच नाहीये असं त्यांना वाटायचं. आणि साहेबलोकांचा समज असा की मी त्यांच्यापुढे झुकतोय. दोन्ही समज मी शेवटपर्यंत मोडले नाहीत.

रोल रुंद, फोटो बाराच. त्यामुळे प्रत्येक वेळी बटण दाबताना जिवावर यायचं. पण निगेटिव्ह चांगली छोट्या बिस्किटाएवढी निघायची. त्यावरून भिंतीएवढा फोटो केला तरी माणसाच्या मिशीचा केस न् केस वेगळा दिसायचा. ही गोष्ट साहेबांना फार आवडायची. पुढे तीच त्यांना महागात पडली, ते सांगतोच.

कॅमेऱ्याबरोबर एकच लेन्स, म्हणजे दोन डोळ्यांची एकच जोडी, आली होती, नॉर्मल. डोळ्याला दिसतं तसं दाखवणारी. ती साहेबांना दोन महिन्यांत नकोशी झाली. खरं दाखवणारी वस्तू कुठल्या मॅनेजरला फार दिवस आवडते? मग टेलीलेन्स मागवली. लांबून फोटो घ्यायचा, माणसाचं नाक चेहऱ्यात नीट बसतं, गालफडं भरल्यासारखी दिसतात. पाहुणे, डायरेक्टर, बक्षीस मिळवणारे अधिकारी, सगळे टेलीनं. कामगाराचा फोटो लागलाच तर नॉर्मलनं. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण कँटीनमध्ये अधिकाऱ्यांच्या टेबलावर चादर आणि आमच्या टेबलावर नुसतं लाकूड हे तरी कुठं लिहिलं होतं?

तिसरी वाइड. ती साहेबांनी स्वतः परदेशदौऱ्यावरून मोज्यात गुंडाळून आणली. थोड्या जागेत जास्त माणसं बसवणारी लेन्स. थोड्या जागेत जास्त माणसं कोंबण्याची कला पिंपरीतल्या प्रत्येक घरमालकाला अवगत होती, तिच्यासाठी परदेशी जायची गरज नव्हती. पण साहेब खूश. म्हणाले, "आता आपली कंपनी मोठी दिसेल." कंपनी मोठी व्हायला वेळ लागतो, दिसायला लेन्स पुरते.

आता माझ्या मेव्हण्याबद्दल सांगतो, कारण ही सगळी कथा त्याचीच आहे.

तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, चाकणजवळच्या कुरुळीचा. अंगानं इतका किरकोळ की कामावरचा अंगभर बॉयलर सूट त्याला घातलाय की वाळत घातलाय, कळायचं नाही. आमच्या पिंपरीच्या दोन खोल्यांतल्या बाहेरच्या खोलीत तो राहायचा आणि आमच्याच कंपनीत टेम्पररी होता. टेम्पररी म्हणजे काय, ते हल्लीच्या लोकांना सांगायला नको, पण तरी सांगतो. माणसानं सलग अमुक दिवस काम केलं की त्याला कायम करावं लागायचं. तर तेवढे दिवस भरत आले की कंपनी त्याला ब्रेक द्यायची. "घरी जा, विश्रांती घे, मग बोलावू." कामगाराच्या तब्येतीची इतकी काळजी सख्खी आई घेत नसेल.

मेव्हण्याची गंमत अशी की त्याचा हात चांगला. ग्राइंडिंगच्या मशिनवर त्याच्यासारखा दुसरा नव्हता. त्यामुळे ब्रेक तर द्यायचा, पण त्याला घरी पाठवणं परवडायचं नाही. मग ब्रेकमध्ये तो ठेकेदाराच्या नावावर त्याच मशिनवर उभा राहायचा. कार्ड नाही, हजेरी नाही. कागदावर हा कुरुळीला विश्रांती घेतोय आणि इकडे हात काळे.

"अरे, नाही म्हणून सांग ना," मी म्हणायचो.

"न्हाई कसं म्हणू, दाजी? न्हाई म्हणलं तर पुढच्या टायमाला बोलावत्याल का?"

बरोबरच होतं त्याचं. मला पर्मनंटला उपदेश करायला काय जातंय?

त्याचं लग्न ठरत होतं. मुलगी राजगुरुनगरची, आम्ही सगळे खेडच म्हणायचो. त्यानं मुलगी पाहिली होती आणि तेव्हापासून जेवताना भाजीत मीठ आहे की नाही हेही त्याला कळत नव्हतं. फोटो मागितला म्हणून मी साहेबांच्या टेलीलेन्सनं त्याचा फोटो काढून दिला. डायरेक्टर दिसत होता अगदी. मुलीच्या वडिलांनी फोटो पाहिला, परत दिला आणि विचारलं, "फोटो चांगलाय. पर्मनंट आहेत का?"

आता बोला. ही कुठल्याच लेन्सनं दिसणारी गोष्ट नव्हती.

"पर्मनंट व्हा, मग सुपारी फोडू," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. टेम्पररीला दिलेल्या लेकीचं काय होतं हे त्यांनी शेजारीच पाहिलं होतं. मुलगी थांबायला तयार होती, पण किती दिवस थांबणार? मेव्हण्याचं सगळं आयुष्य त्या एका शब्दापाशी येऊन अडकलं.

त्या वर्षीची खंडेनवमी आली. आमच्याकडे हा मोठा दिवस. मशिनं रॉकेलनं पुसून लख्ख करायची, झेंडूच्या माळा, लेथला हळदकुंकू, नारळ, पेढे. वर्षभर ज्या मशिनला शिव्या घातल्या तिच्यापुढे हात जोडायचे. पूजा झाली की सगळ्यांचा एकत्र फोटो. पुढे खुर्च्यांवर अधिकारी, मागे बेंचांवर कामगार, आणि सगळ्यांच्या पुढे जमिनीवर पाटी, तिच्यावर खडूनं खंडेनवमी आणि वर्ष. फोटोत पर्मनंटच बसणार. टेम्पररींनी कँटीनमधून बेंच उचलून आणायचे, मांडायचे आणि बाजूला व्हायचं. फोटो झाला की तेच बेंच परत न्यायचे. हा मान त्यांचा.

त्या साली मागे नवी शेड उभी राहिली होती. साहेबांना ती या टोकापासून त्या टोकापर्यंत फोटोत हवी होती. मी मागे सरकत सरकत बॉयलरहाउसच्या भिंतीला टेकलो. नॉर्मलमध्ये शेड दोन्हीकडून कापली जात होती.

"वाइड लावा," साहेब म्हणाले.

"लावतो, पण साहेब, कडेची माणसं फुगतील. ही लेन्स कडेचं ओढते."

साहेबांनी दोन्ही बाजूंना नजर टाकली. "कडेला कोण महत्त्वाचं आहे?" असं म्हणून ते मधल्या खुर्चीत जाऊन बसले.

मी वाइड लावली. मान खाली घातली. काचेवर अख्खी शेड आली, आणि शेडच्या कडेला ठेवलेली तेलाची पिंपं आली, आणि पिंपांना टेकून उभे असलेले चार टेम्पररी आले. त्यात आमचा मेव्हणा. अंगात बॉयलर सूट, हातात मशिन पुसायच्या कॉटनवेस्टचा बोळा. त्यांना वाटत होतं आपण फोटोच्या बाहेर उभे आहोत. मी काही त्यांना हाकलायला गेलो नाही. शेड अख्खी पाहिजे असा हुकूम होता आणि पिंपं शेडचीच होती.

तो फोटो साहेबांनी भिंतीएवढा करून घेतला. पाहुण्यांच्या हॉलमध्ये लावला. येणारा प्रत्येक पाहुणा मधे बघायचा, मग शेड बघायचा, मग चहा प्यायचा. कडेपर्यंत कुणाची नजर जायचीच नाही.

गेली ती आमच्या हिची. थंडीत कंपनीचं स्नेहसंमेलन व्हायचं, तेव्हा बायकापोरांना आत सोडायचे. सगळ्यांच्या बायका हॉलमधल्या त्या फोटोपुढे उभ्या राहून आपला नवरा मधून शोधत होत्या. आमची ही कडेपासून बघत आली. आपली माणसं कुठं असणार हे तिला चांगलं ठाऊक.

"अगं बाई! हा तर आमचा!" ती ओरडलीच. "आणि केवढा गुटगुटीत दिसतोय!"

खरंच दिसत होता. लेन्सनं त्याला दोन्ही बाजूंनी ओढला होता. गाल वर आलेले, खांदे भरलेले, पोटसुद्धा होतं. बायकोनं माझ्यामागे टुमणं लावलं आणि मला त्या कडेचा एक वेगळा फोटो काढून द्यावा लागला. तो कुरुळीच्या घरी भिंतीवर लागला. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या, "कंपनीचं खानं लागलं बगा माझ्या पोराला." पोरगा समोर काडीसारखा उभा असला तरी त्यांचा विश्वास फोटोवर.

त्याच संमेलनात दुसरा घोळ झाला. अधिकाऱ्यांच्या बायकांचा फोटो काढायचा होता. जागा अपुरी, म्हणून साहेबांनीच वाइड लावायला सांगितली. साहेबांच्या बाईसाहेब उशिरा आल्या. मधल्या खुर्च्या डायरेक्टरांच्या घरच्या मंडळींनी धरलेल्या, तेव्हा त्या तोऱ्यात अगदी शेवटच्या खुर्चीत जाऊन बसल्या. बाईसाहेब सडपातळ हो, क्लबात बॅडमिंटन खेळायच्या, एका वेळी अर्धी पोळी खायच्या. फोटो धुऊन आला आणि माझी पाचावर धारण बसली. शेवटच्या खुर्चीत बाईसाहेब अशा काही पसरल्या होत्या की क्लबातल्या सगळ्यांच्या वाटणीच्या पोळ्या त्यांनीच खाल्ल्या असाव्यात.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, भरल्या कँटीनमध्ये साहेब फोटो नाचवत माझ्यावर आले. कायम मला तुम्ही म्हणणारा माणूस, तूवर उतरला.

"ही लेन्स कडेची माणसं फुगवते हे तुला माहीत नव्हतं?"

"मी सांगितलं होतं, साहेब. खंडेनवमीला."

"तेव्हा कडेला कोण होतं?" ते गरजले. "या लेन्सनं कडेचं माणूस फुगतं! लक्षात ठेव! फुगतं! ती बाई अशी नाहीये!"

अख्खी कँटीन ऐकत होती. वाढपी डाव हातात धरून उभा राहिला. वाइड लेन्स त्याच दिवशी कपाटात गेली. कुलूप साहेबांनी स्वतः लावलं. किल्ली मात्र माझ्याकडेच राहिली, कारण रोलही त्याच कपाटात असायचे आणि रोज रोज किल्ली मागायला कोण केबिनमध्ये येऊ देणार?

उन्हाळ्यात मेव्हण्याला गेटवरच सांगितलं, आता येऊ नकोस. ब्रेक नाही, काही नाही. कायमचंच. त्यानं युनियनमध्ये नाव घातलं होतं, एवढा गुन्हा. युनियननं पुण्याच्या लेबर कोर्टात केस टाकली. म्हणणं सरळ होतं. ब्रेक नुसता कागदावर होता, माणूस सगळा वेळ मशिनवर होता, म्हणून त्याला कायम करा. कंपनीचं म्हणणं त्याहून सरळ. खंडेनवमीच्या आधीपासून हा माणूस ब्रेकवर होता, त्या काळात त्यानं कंपनीत पाऊलही टाकलेलं नाही.

कंपनीचं हे म्हणणं कळलं त्या संध्याकाळी मेव्हणा भिंतीला टेकून बसला होता. "दाजी, खेडवाल्यांना आता काय सांगू?" एवढंच म्हणाला. मला भयंकर राग आला, आणि कुणावर काढावा ते कळेना, म्हणून त्याच्यावरच खेकसलो, की तोंड पाडून बसू नकोस.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "पाऊल टाकलं नाही म्हणे! मग तुमच्या त्या हॉलमध्ये भिंतीवर कोण उभं आहे?"

मला ते तिच्या आधी सुचलं होतं. आणि म्हणूनच मी त्या फोटोचं नाव काढलं नव्हतं.

"अगं, मी कंपनीचा माणूस. मी कंपनीविरुद्ध फोटो कसा देऊ?"

"लेन्स तेवढी रुंद तुमची," ती म्हणाली, "छाती काही तेवढी नाही." आणि आत जाऊन भांडी आदळायला लागली. तिनं आदळलेली भांडी मला अजून ऐकू येतात.

दिला फोटो. नुसता दिला नाही, साक्षही दिली. कोर्टात कंपनीचे वकील उठले. कोट झकास, आवाज त्याहून. त्यांनी फोटो जज्जसाहेबांपुढे ठेवला. मेव्हण्याला उभं केलं आणि म्हणाले, "फोटोतला इसम स्थूल आहे. अर्जदार आपल्यासमोर आहे. बघावं."

जज्जसाहेबांनी फोटो बघितला, मग मेव्हण्याकडे बघितलं. बिचारा केस सुरू झाल्यापासून आणखी वाळला होता. पंखा जोरात लावला असता तर त्याला धरून ठेवावं लागलं असतं. पुन्हा फोटो बघितला. सासूबाईंची ज्या फोटोनं छाती फुगली तोच आता त्यांच्या पोराच्या मुळावर आला होता.

मी सांगितलं की ही लेन्स कडेची माणसं ओढते, फुगवते, मी तसं त्याच वेळी साहेबांना बोललो होतो.

"तुम्ही अर्जदाराचे कोण?" वकिलांनी विचारलं.

"मेहुणा."

"बसा," ते म्हणाले, आणि असे हसले की मला माझंच बोलणं खोटं वाटायला लागलं.

साक्षीचं बक्षीस लगेच मिळालं. कॅमेरा माझ्याकडून काढला आणि टाइम ऑफिसातल्या एका गृहस्थाला दिला. गृहस्थांना वाटलं, वर दिसतं ते खाली निघतं. लांबून निघतंही. पण जवळून काढायचं तर वरचा डोळा जे बघतो त्याच्या जरा खालचं खालच्या डोळ्याला दिसतं, त्याचा अंदाज धरावा लागतो. त्यांनी मुंबईहून आलेल्या चेअरमनसाहेबांचा अगदी जवळून फोटो काढला. काचेवर पूर्ण चेहरा. फोटोत मात्र हार, टाय, हनुवटी, आणि भुवयांच्या वर काही नाही. पंधरवड्यात कॅमेरा माझ्या टेबलावर परत आला.

पुढच्या तारखेला मोठे साहेब साक्षीला आले, हा माणूस त्या दिवशी कंपनीत नव्हता असं सांगायला. सांगितलं त्यांनी, अगदी न अडखळता. मग युनियनचे वकील उठले. साधे गृहस्थ, कोटाचा रंग उडालेला. पण त्यांचे पक्षकार आमच्या कँटीनमध्ये जेवायचे, आणि कँटीनमधलं सगळं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

"साहेब, या फोटोतली लेन्स तुम्ही आणलेली?"

"हो."

"चांगली आहे?"

"उत्तम आहे."

"म्हणजे माणूस जसा आहे तसाच दाखवते? कडेचा माणूस फोटोत जाड दिसला, तर तो जाडच असणार?"

साहेब "हो" म्हणायला तोंड उघडणार, तोच वकिलांनी पिशवीतून दुसरा फोटो काढला. स्नेहसंमेलनाचा. तो त्यांना कुठून मिळाला हे मला विचारू नका. निगेटिव्ह कुणाकडे असतात, एवढंच सांगतो.

"हाही त्याच लेन्सचा," वकील म्हणाले. "शेवटच्या खुर्चीतल्या बाईंना आपण ओळखता?"

साहेबांचा चेहरा मी त्या दिवशी टेलीनं काढायला हवा होता. त्या काळात त्यांच्या घरी त्या फोटोवरून काय झालं होतं ते सगळ्या कॉलनीला माहीत होतं. बाईसाहेबांनी क्लबात जाणं सोडलं होतं. साहेबांनी त्यांना शंभरदा समजावलं होतं की दोष लेन्सचा, तू अशी नाहीस. आता लेन्स खरी आहे म्हणावं, तर ते कोर्टाच्या कागदावर चढणार, आणि पुण्याहून बातमी त्यांच्या आधी घरी पोचणार. लेन्स खोटी आहे म्हणावं, तर माझा मेव्हणा खरा ठरणार. कंपनीचे वकील डोळ्यांनी खुणा करत होते. साहेब त्यांच्याकडे बघत नव्हते. त्यांनी रुमाल काढला, तोंड पुसलं.

"या लेन्सनं..." ते म्हणाले आणि थांबले.

"जरा मोठ्यानं," जज्जसाहेब म्हणाले.

"या लेन्सनं कडेची माणसं फुगतात."

कंपनीचे वकील खाली बसले. मग पुन्हा उठून म्हणाले की अर्जदार नुसता पूजेचे पेढे खायला आला असेल, पण बॉयलर सूट घालून आणि तेलाचे हात घेऊन कुणी पेढे खायला येत नाही, हे जज्जसाहेबांना कळत होतं. निकाल आमच्या बाजूनं लागला. साहेबांबद्दल माझ्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा आदर निर्माण झाला. बायकोसाठी कंपनीवर पाणी सोडणारा दुसरा मॅनेजर मी पाहिला नाही.

मेव्हणा पर्मनंट झाला. खेडला सुपारी फुटली. लग्नाचे फोटो मी काढले, नॉर्मलनं. तो होता तसाच दिसायला हवा होता मला, काडीसारखा आणि खुशीनं खुळा झालेला.

साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले. ते केस वाचून आले होते आणि त्यातून त्यांनी नेमका धडा घेतला. ब्रेक बंद झाले का? छे हो! खंडेनवमीच्या आदल्या दिवशी हुकूम निघाला, की फोटोच्या वेळी टेम्पररी माणूस आसपास दिसता कामा नये. बेंच मांडले की लांब जायचं. आणि हे बघायची जबाबदारी कुणावर? नुकत्याच पर्मनंट झालेल्या, टेम्पररींना चांगलं ओळखणाऱ्या आमच्या मेव्हण्यावर. नव्या साहेबांना विनोदबुद्धी होती म्हणायची.

पूजा झाली. बेंच आले. मी बॉयलरहाउसच्या भिंतीला टेकून नॉर्मल लेन्स लावून उभा. नव्या टेम्पररींचं टोळकं बेंचांपाशी घुटमळत होतं, त्यांना अजून रीत ठाऊक नव्हती. मेव्हणा दुसऱ्या रांगेतून खाली उतरला. नवा बॉयलर सूट, खिशाला पेन.

"ए! चला, व्हा बाजूला!" तो ओरडला. "फोटू पर्मनंटचा हाय, कळतंय का न्हाई?"

माझ्या अंगाची आग झाली. वाटलं, हेच का ते? याच्यासाठी मी कोर्टात मेहुणा म्हणून हसं करून घेतलं? एक खिशाला पेन लागलं आणि हा साहेबाची भाषा बोलायला लागला! कॅमेरा तिथंच टाकून त्याच्या मुस्काटात द्यावी असं वाटलं.

साहेबांनी मधल्या खुर्चीतून मान डोलावली. मेव्हणा त्या टोळक्याला पुढे घालून घेऊन गेला. शेडच्या कडेला, तेलाच्या पिंपांपाशी.

"हितं," तो म्हणाला. "हितंच ऱ्हायचं. हालायचं न्हाई अजाबात. आन् त्वांडं हिकडं करा."

मग तो परत आला, बेंचावर चढला आणि सरळ माझ्याकडे बघत उभा राहिला. हसला नाही, खूण केली नाही. नुसता बघत राहिला.

"काय हो, वेळ का?" साहेबांनी विचारलं.

"एक मिनिट, साहेब. रोल बदलतो."

नव्या साहेबांना लेन्स म्हणजे काचच. मी कपाटाकडे गेलो, किल्ली लावली. परत येऊन भिंतीकडे तोंड करून फिल्मपुढचा पडदा ओढला, नॉर्मलची जोडी काढली आणि वाइड बसवली. हात थरथरत होता. मग वळलो, मान खाली घातली आणि काचेत बघितलं. मधे साहेब. मागे शेड. पुढे पाटीवर खंडेनवमी आणि वर्ष. आणि पिंपांपाशी उभी असलेली ती माणसं, सगळीच्या सगळी, तोंडं इकडं करून.

"हलू नका," मी म्हटलं आणि बटण दाबलं. कडेची माणसं जरा जाड येणार होती.